गच्चीवरची भाजी, लेआऊटची मोकळी जागा आणि सरकारी मदत: बेळगावात कुणाला काही मिळालंय का?

परडंवाली (वडगाव)

सरळ विषयावर येते. शहरात राहून गच्चीवर, परड्यात नाहीतर कॉलनीच्या मोकळ्या जागेत भाजी लावणाऱ्यांना आपल्या भागात सरकारकडून काय मिळतं, कुणाला मिळालंय का आणि मिळालं असेल तर कुठल्या टेबलावरनं, हे विचारायला धागा काढलाय.

आधी सांगते, मला पिशव्या नि बियाणं मागायचं नाही. गच्ची माझी चाललीय बरी. मासळी बाजारातल्या थर्माकोलच्या पेट्या (वास जातो काही दिवसांनी, घाबरू नका), गुऱ्हाळावरची चिपाडं, पालापाचोळा आणि दाभोळकरांचं अमृतजल. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार इथल्या जुन्या मंडळींना माहीत असेलच. १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, १० लिटर पाणी, तीन दिवस अधूनमधून ढवळायचं आणि मग दहापट पाणी घालून झाडांना द्यायचं. मिरची, वांगी, दोडका, पालक सगळं येतं. यात सरकार कुठं लागलं?

लागतं ते पुढं. आमच्या लेआऊटमध्ये गार्डनसाठी म्हणून सोडलेली जागा आहे. बोर्ड आहे, कंपाऊंड आहे, आत कंबरेएवढं काँग्रेस गवत आणि बाटल्या. आम्ही काही बायकांनी ठरवलं की निम्म्या जागेत भाजीचे वाफे करू, निम्मी पोरांना खेळायला. विचारायला एका सरकारी कचेरीत गेले तर पहिला प्रश्न, "एफआयडी आहे का?" एफआयडी म्हणजे कर्नाटक सरकारच्या फ्रूट्स पोर्टलवरची शेतकरी नोंदणी, ती आरटीसीला (जमिनीच्या उताऱ्याला) जोडलेली. म्हटलं अहो साहेब, शहरातल्या गच्चीची आरटीसी कुठनं आणू? तर म्हणाले मग तुम्ही शेतकरी नाही. बरोबरच आहे की, पण मग मी कोण? पुढच्या टेबलावर म्हणाले गार्डन आमच्याकडं नाही, तिसरीकडं म्हणाले गार्डनमध्ये भाजी चालत नाही, नियमच नाही तसा.

दुसऱ्या राज्यांत काय चाललंय ते वाचून तर आणखी जीव जळतो. बिहारनं पाटणा, गया, मुझफ्फरपूर, भागलपूर अशा शहरांत गच्चीवरच्या बागेला अनुदान दिलं, ३०० चौरस फुटांना ५० हजार खर्च धरून आधी निम्मे, मागनं ७५ टक्के. तामिळनाडूत ९०० रुपयांचं किट २२५ला दिलं, त्यात ग्रो बॅगा, कोकोपीट, बियाणं. केरळात कृषी भवनातनं ग्रो बॅगा वाटतात हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

आपल्याकडं काय?

गणेशपूर_गडी

ताई एक नंबर विषय. पण खरं सांगू का, आपल्या लोकांना फुकट मिळालं की ते दारात पडून राहतं. अपार्टमेंटमध्ये आम्ही कंपोस्टचा ड्रम आणला, पहिला महिना सगळे फोटो काढायला, आता त्यात पोरांचा बॉल पडतो फक्त. मेमध्ये पाणी कोण घालणार ते आधी लिहून घ्या.

शहापूरचा_मागवाला

ताई आमचं बघा, आमच्या गल्लीत गच्ची कुठली नि परडं कुठलं, खाली माग वर घर नि त्याच्यावर पत्रा, तिथं पिशवी ठेवली तर उन्हाळ्यात झाड उभ्या उभ्या भाजतंय. सरकारनं उद्या फुकट ग्रो बॅगा वाटल्या तर त्या जाणार कुणाला, ज्यांच्या आरसीसी गच्च्या हाईत त्यांना, टिळकवाडी हिंदवाडी सदाशिवनगर. त्यांचं वाईट होऊ दे असं नाही म्हणत मी, पण ज्याला भाजी विकत घ्यायला परवडत नाही त्याच्याकडं गच्ची नसतीयाच की. आमच्यासारख्याला जागा पायजे, घरापासनं चालत जाता येईल अशी, नि पाणी पायजे. पाण्याचं म्हणाल तर बेळगावात जुन्या विहिरी किती हाईत, गांधीजी आले तवा १९२४च्या अधिवेशनाला टिळकवाडीत काँग्रेस विहीर खणली ती अजून हाय. आमच्या भागातल्या बी हाईत, त्यातल्या काहींत कचरा टाकल्यात लोकांनी. नळाचं पाणी झाडांना कशाला, विहीर उपसली तर भाजीला रग्गड होतंय.

परडंवाली (वडगाव)

हे तुम्ही नेमकं बोललात दादा. मला अनुदानाचा हेवा वाटला होता खरा, पण बिहारची योजना घ्या, त्यात स्वतःची गच्ची लागते आणि आपल्या वाट्याचे पैसे आधी भरावे लागतात. भाड्यानं राहणारा तिथंच बाद.

शिवारवाला_येळ्ळूर

वाचतोय मघापासनं. राग मानू नका वहिनी, पण मला हसू येतंय नि वाईट पण वाटतंय. तुम्ही शहरात शेती आणायला निघालाय आणि शहर आमच्या शेतात घुसायलंय. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार म्हणजे बेळगाव बासमती पिकवणारी जमीन. भात निघाला की त्याच ओलीवर मसूर वाटाणा, पुढं भाजी, वर्षात दोन तीन पिकं. गोव्याला रोज भाजीच्या गाड्या जातात त्या कुठनं जातात? हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी किती वर्षं विरोध केला, आंदोलनं, कोर्ट, सगळं पेपरात आलंय. बळ्ळारी नाला तुंबला की पावसाळ्यात भात पाण्याखाली, आठ आठ दिवस. त्यावर कोण बोलत नाही, आणि गच्चीत चार वांगी आली की "अर्बन फार्मिंग".

शहरापासनं हाकेच्या अंतरावर शेती चालू आहे ती टिकवा की आधी. ती अर्बन फार्मिंग नाही तर काय आहे?

कायदेशीर_काका

शिवारवाल्यांचा मुद्दा बाजूला सारू नका, तो मूळ मुद्दा आहे. कर्नाटकात शेतजमीन बिगरशेती करायची तर भूमहसूल कायदा १९६४ चं कलम ९५ आणि मास्टर प्लॅनमधला वापर बदलायचा तर नगररचना कायदा १९६१ चं कलम १४-अ, एवढे दोन दरवाजे आहेत. शेतजमिनीचा झोन राखला तर एक रुपया अनुदान न देता शिवार वाचतं. मास्टर प्लॅनचा मसुदा जाहीर झाला की हरकती मागवतात, तेव्हा आपली माणसं लग्नात असतात.

आता परडंवाली ताईंच्या जागेचं. दोन प्रकार वेगळे करा. एक, लेआऊट मंजूर होताना पार्क आणि मोकळी जागा म्हणून सोडलेली. दोन, सीए साईट, म्हणजे नागरी सुविधेची जागा. दुसरी जागा नगरविकास प्राधिकरण, आपल्याकडं बुडा, संस्थांना लीजवर देऊ शकतं. पहिलीला मात्र १९८५चा कर्नाटक पार्क, खेळाची मैदानं आणि मोकळ्या जागा जतन कायदा आडवा येतो. पार्क म्हणून नोंदलेली जागा दुसऱ्या कामाला वापरायची नाही, हा त्याचा गाभा. आणि तो कायदा चांगलाच आहे हो, नाहीतर आतापर्यंत प्रत्येक गार्डनमध्ये एक समुदाय भवन उभं राहिलं असतं.

म्हणून "भाजीसाठी जागा द्या" असं लिहिलंत की अर्ज तिथंच मेला. गार्डन गार्डनच राहील, सगळ्यांना उघडं राहील, कुंपण नाही, लीज नाही, विक्री नाही, फक्त निगा आम्ही राखतो आणि झाडं कुठली लावायची त्यात शेवगा, कढीपत्ता, पालेभाज्यांचे वाफे धरा, असं मागा. वापर बदलत नाही, झाडं बदलतात.

सिंगापूरकर_बेळगावी

मी मूळचा अनगोळचा, बरीच वर्षं इकडं. इथलं सांगतो म्हणजे तुलना करता येईल. इथं पार्क खात्यानंच २००५ पासून कम्युनिटी गार्डनचा कार्यक्रम चालवलाय आणि २०१६ पासून पार्कमध्ये वाफे भाड्यानं देतात. एक वाफा अडीच मीटर बाय एक मीटर, उंच बांधलेला, वर्षाला ५७ डॉलर, तीन वर्षांपर्यंत. अर्ज जास्त येतात म्हणून चिठ्ठी टाकतात. माझा नंबर लागला तेव्हा घरी पेढे वाटले होते, खोटं नाही.

वाफ्यात काय काय? भेंडी, आंबाडी, अळू, आईनं पाठवलेली बुटकी मिरची. बाजूला एक चिनी आजोबा आहेत, ते माझी आंबाडी बघून विचारात पडले, आता तेच लावतात. पाण्याचा नळ कॉमन, पाईप गुंडाळून ठेवला नाही तर आजोबा ओरडतात. चोरी होते का? होते. तयार झालेली दोडकी एकदा सकाळी गायब. कुणी काही बोललं नाही, पुढच्या आठवड्यापासनं सगळ्यांनी थोडी कच्चीच तोडायला सुरुवात केली.

सरकार इथं पैसे फार देत नाही, भाडंच घेतं. पण जागा ठरलेली, नळ ठरलेला, मुदत ठरलेली. मला वाटतं खरी मदत तीच.

निपाणीची_सून

सिंगापूर राहू दे बाजूला हो, तिथलं सगळंच वेगळं. केरळातल्या कुडुंबश्रीच्या बायका बघा. १९९८ पासून बचत गटांचं जाळं, त्यातल्या चार ते दहा जणींचे गट पडीक जमीन भाड्यानं घेऊन एकत्र शेती करतात, नावावर गुंठाभर जमीन नसताना. त्यांना गटाच्या नावानं कर्ज मिळतं. म्हणजे तिथं कागद जमिनीचा नाही, गटाचा. आपल्याकडं गावात नरेगातनं पौष्टिक बाग करून मिळत आलीय, पण तेच गाव पट्टण पंचायत (म्हणजे नगरपंचायत) झालं की नरेगा बंद, बाई तीच परडं तेच.

आमच्या निपाणीत रिकामे प्लॉट किती! मालक पुण्यात, दुबईत, प्लॉटवर डुकरं. मी एका ओळखीच्या काकांना विचारलं, दोन वर्षं भाजी लावतो, स्वच्छ ठेवतो, मागाल तेव्हा सोडतो. ते म्हणाले, "नको गं बाई, उद्या कूळ म्हणून बसशील." हसण्यावारी नेलं पण भीती खरी आहे.

कायदेशीर_काका

खरी म्हणजे काय, हाडात मुरलेली आहे. १९७४ च्या जमीन सुधारणेत कसणाऱ्याच्या नावावर जमिनी झाल्या. आमच्याच भाऊबंदकीत एकाची जमीन गेली आणि दुसऱ्याला मिळाली, दोघं अजून एका पंगतीला बसत नाहीत. बिनशेती झालेल्या प्लॉटला कुळाचा प्रश्न तसा येत नाही, पण मालकाला ते पटवणार कोण? इथंच सरकारचं काम आहे. कॅलिफोर्नियात २०१४ पासून कायदा आहे, शहरातला रिकामा प्लॉट मालकानं किमान पाच वर्षं शेतीला द्यायचं लिहून दिलं तर त्याचा मालमत्ता कर कमी होतो. सरकार मध्ये असल्यामुळं करार स्वच्छ, मुदत स्वच्छ, मालक निर्धास्त. असा तिघांचा साधा करार, मालक, गट आणि पालिका, आपल्याकडं झाला तर निम्मे प्लॉट उघडतील. घरपट्टीत सूट ही काही फार मोठी गोष्ट नाही.

आणि इंग्लंडचं ऐका. १९०८ च्या कायद्याप्रमाणं गावातल्या कुठल्याही सहा मतदारांनी सही करून वाफ्यांसाठी जागा मागितली की कौन्सिलला त्याचा विचार करावाच लागतो. १९२५ पासून तर अशा कायमच्या जागा मंत्र्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. सहा सह्या! आपल्याला झेरॉक्सच्या दुकानात उभं राहिलो तरी सहा माणसं मिळतात.

गणेशपूर_गडी

काका जबरा. पण एक शंका, नाल्याकाठच्या मोकळ्या जागा मागू नयेत ना? तिथलं पाणी मारून मेथी-पालक काढणारे पण आहेत काही ठिकाणी.

शिवारवाला_येळ्ळूर

अजिबात मागू नका. सांडपाण्यावर पालेभाजी म्हणजे दुखणं विकत घेणं. आमच्यातले काहीजण नाइलाजानं वापरतात कारण नाल्याचं पाणी शेतात आपण होऊनच येतंय, तो दोष शेतकऱ्याचा नव्हे. पण तुम्ही नवीन सुरू करणार तर विहिरीचं पाणी बघा आणि जिथं जुना कचरा, बॅटऱ्या, रंगाचे डबे पुरलेत तिथं जमिनीत लावू नका, वर वाफे बांधून बाहेरची माती भरा. गणेशोत्सवात मूर्ती रंगवायचे मांडव पडतात त्या जागाही सोडा.

आणि ताई, जूनमध्ये सुरू करू नका. आपला पाऊस काय पुण्याचा पाऊस आहे का, जुलैमध्ये रोपं कुजून जातील नि बायका पहिल्याच महिन्यात हिरमुसतील. गणपती झाले की सुरू करा. पहिल्यांदा मुळा, मेथी, लाल माठ. महिन्यात हातात भाजी आली की माणसं टिकतात. वांगी टोमॅटो दुसऱ्या फेरीला.

परडंवाली (वडगाव)

दादा हे सोनं आहे. मघाचा तुमचा राग मी मनाला लावून नाही घेतला, उलट आता वाटतंय की अर्ज एकटा आमच्या गार्डनचा नको. शिवाराचा झोन राखा हेही त्यात हवं. गच्चीवाले, वाफेवाले आणि शिवारवाले वेगवेगळे गेलो तर तिघांनाही तीन टेबलं फिरवतील.

बियाण्याचं कुणी विचारत होतं मला व्यनिमध्ये (खासगी निरोपात): धारवाडच्या कृषी विद्यापीठात मिळतं, तिथला कृषी मेळा सोडू नका. बेंगळूरच्या हेसरघट्ट्याच्या आयआयएचआरची अर्का अनामिका भेंडी आणि अर्का रक्षक टोमॅटो माझ्याकडं आहेत. अर्का रक्षक हायब्रीड आहे, त्याचं बी धरून ठेवू नका, पुढच्या वर्षी तसं येत नाही. अनामिकाचं धरा. गोकाककडच्यांना आरभावीचं बागायत कॉलेज जवळ पडेल.

खानापूर_लोकल

हे सगळं ठीक हाय पण अर्जच कन्नडमध्ये, योजनेचं पत्रक कन्नडमध्ये, पोर्टल कन्नड नाहीतर इंग्रजी. आमच्या आईला बचत गटाच्या कागदावर कशावर अंगठा घेतायत तेच कळत नाही. १५ टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं नोटिसा, नियम त्यांच्या भाषेत पण द्यायचे असं हाय ना? मग द्या की. ह्या लोकांना...

संचालक

खानापूर_लोकल, पुढची ओळ काढली आहे. पत्रकं मराठीतही हवीत ही मागणी या धाग्यात चालेल, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे.

कायदेशीर_काका

१५ टक्क्यांची तरतूद आहे, केंद्राची, जुनी. ती बघायला भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत. मागणी स्वतंत्र पत्रानं करा, गार्डनच्या अर्जात मिसळू नका. एका अर्जात दोन मागण्या असल्या की साहेब सोपी असेल तिला उत्तर देतो आणि फाईल बंद करतो.

याच न्यायानं ताई, शिवाराच्या झोनची हरकतही वेगळी. सह्या त्याच माणसांच्या असू देत, कागद तीन.

शहापूरचा_मागवाला

कन्नडचं मी बघतो. माझी थोरली कन्नड शाळेत शिकलीया, नुडीमध्ये (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाईप करतीया झरझर. तुम्ही मराठीत लिहून टाका हितंच, ती दोन दिवसात करून देईल. फक्त एक घाला त्यात, आमच्या भागातली एक विहीर उपसून द्या म्हणून. गार्डन लांब पडलं तरी चालेल, सायकलवर कॅन बांधून पाणी नेतो आम्ही.

निपाणीची_सून

मसुद्यात "स्थानिक रहिवासी" एवढंच लिहू नका, "भाडेकरूंसह" असा शब्द घाला. नाहीतर वाफे वाटायच्या दिवशी घरपट्टीची पावती मागतील.

परडंवाली (वडगाव)

घालते. विहिरीचं वेगळ्या कागदावर घेऊ, काका म्हणतात तसं, म्हणजे कागद चार झाले. मसुदा उद्या रात्रीपर्यंत टाकते, गार्डनचा आधी. सर्व्हे नंबर आणि लेआऊटच्या मंजूर नकाशाची प्रत कुठून काढायची काका?

कायदेशीर_काका

बुडात लेखी अर्ज करा, नाही दिली तर माहिती अधिकारात १० रुपये भरून मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकाशात ती जागा पार्क आहे की सीए साईट हे बघितल्याशिवाय मसुदा अंतिम करू नका. आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेचा शिक्का आणि आवक नंबर घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर बसून राहा, बरोबर चारपाच जणी असल्या की शिक्का लवकर सापडतो.